फक्कीचा गोल आणि पंचवीसपैकी सात

बॅगेत काय भरलं होतं ते आधी सांगते. तीन दिवसांसाठी कपड्यांचे दोन जोड, चाळीस स्केचपेन, लोकरीचा एक गुंडा, शिट्टी, क्रोसिन, खाकी चिकटपट्टी, आणि निरीक्षण तक्त्याच्या बारा कोऱ्या प्रती. केंद्रं तीन होती. म्हणजे तक्ते तीन पुरेसे होते. पण एक भिजला तर, एक फाटला तर, एकावर चहा सांडला तर, असं करत करत मी बारापर्यंत पोचले. आई दारात उभी राहून म्हणाली, "कोल्हापुरात झेरॉक्स मिळतं हं." मी तेरावा काढून ठेवला आणि निघाले.

ज्यांना माझं काम माहीत नाही त्यांच्यासाठी: आमची संस्था शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी गावोगाव केंद्रं चालवते. पंधरा ते पंचवीस वयाची ही मुलं आठवड्यातून तीन-चार वेळा एकत्र जमतात, वाचतात, भांडतात, काहीबाही शिकतात. याला अनौपचारिक शिक्षण म्हणतात. केंद्र चालवणारे ताई-दादा त्याच गावातले असतात. त्यांना पुण्याला बोलावून 'न शिकवता कसं शिकवायचं' हे शिकवणं हे माझं काम. शिकवणं हा शब्द आमच्याकडे चालत नाही, पण दुसरा सोपा शब्द कुणी काढलेला नाही.

दोन वर्षं मी हे काम तात्पुरती म्हणून करत होते. या जानेवारीत आमच्या प्रमुख वसुधाताई म्हणाल्या, "कोल्हापूरची तीन केंद्रं एकटी बघून ये. नीट अहवाल दिलास तर तुला कायम करायचं बघू." आणि मग, पाणी पिता पिता, "तक्त्यातल्या पंचवीस प्रश्नांपैकी अठरांना 'हो' नसेल ते केंद्र फेब्रुवारीपासून बंद."

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागेल. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा पाटबंधारे खात्यात, आम्ही धरणाच्या साइटवर, जवळ शाळा नाही. आईनं घरीच शाळा भरवली. भिंतीवर वेळापत्रक, स्वयंपाकघरात फळा, आणि रोज अकराला हजेरी. पट एकाचा. एकदा मला ताप आला, मी तिच्यासमोर तीन फुटांवर झोपले होते, तरी तिनं माझं नाव पुकारलं आणि कुणी 'हजर' म्हणालं नाही म्हणून गैरहजेरी मांडली. प्रगतिपुस्तक तीच लिहायची. 'वर्गशिक्षिका' लिहिलेल्या जागी सही करायची आणि 'पालक' लिहिलेल्या जागेसाठी बाबांकडे पाठवायची. माझ्या हातून एकही रकाना कोरा का सुटत नाही, ते आता कळलं असेल.

स्वारगेटहून सकाळी सहाची एसटी घ्या. दीडशेच्या आसपास तिकीट, सहा तास धरून चला. डाव्या बाजूची खिडकी घेऊ नका, कराडपर्यंत ऊन तोंडावर येतं. साताऱ्याच्या पुढे थांबा होतो तिथला वडा टाळा, चहा चांगला आहे. माझ्या शेजारी एक धोतर-टोपीवाले गृहस्थ होते. मांडीवर बियाण्याची पिशवी. कराड गेल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली.

"काय पावणं, कुठं निघालासा?"

"कोल्हापूर. कामासाठी."

"मास्तरीण हाय?"

"नाही, मी शिक्षकांना शिकवते. म्हणजे, ताई-दादांना."

त्यांनी जरा विचार केला. "आनि तुमाला कोण शिकवतंय?"

"आमच्या वसुधाताई."

"आनि पोरास्नी?"

"ते… मुलं स्वतःहून शिकतात."

"मग तुमी समदी कशाला जातासा?" असं म्हणून त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटले. मला उत्तर सुचलं तेव्हा बस कोल्हापूरच्या स्टँडात शिरत होती आणि ते किणीला कधीच उतरून गेले होते.

पहिलं केंद्र शिरोली एमआयडीसीत. स्टँडवरून वडाप मिळतं. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा बसवतात, तेव्हा स्केचपेनची बॅग मांडीवर ठेवा. केंद्र चालवणारा बाळूदादा फाउंड्रीत मोल्डर आहे, म्हणजे ओतकामाचे रेतीचे साचे करतो. त्याचा गट म्हणजे पहिली पाळी सुटलेली वीसेक पोरं, केसांत काळी रेती आणि हातात डबा. बसायची जागा टेम्पोंच्या स्टँडमागची टपरी.

तक्त्यातला प्रश्न तिसरा: 'सत्राच्या आरंभी ऊर्जा-खेळ घेतला का?' ऊर्जा-खेळ म्हणजे सगळ्यांनी उभं राहून उड्या मारायच्या, हात हलवायचे, झाडासारखं डोलायचं. यानं मरगळ जाते असं आम्ही मानतो. मी हळूच आठवण केली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आट तास भट्टीपुढं उभं ऱ्हाऊन आलोय. आता बसू द्या की."

बाळूदादानं माझ्याकडे पाहून मान हलवली, "खेळाच्या जागी आमी च्या घेतो." आणि सगळ्यांना कटिंग आला. चहानं मरगळ गेली हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण चहा हा खेळ आहे का? अर्धा तास मी पेन्सिल तोंडात धरून बसले. शेवटी 'हो' केलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'चहा.' एकूण एकोणीस. बाळूदादा वाचला. पोरं मोजपट्टीवरून सुरू होऊन पगाराच्या स्लिपवरल्या कपातींवर इतकी तावातावानं बोलली की टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला.

मुक्काम कोल्हापुरात, राजारामपुरीत, वसुधाताईंच्या मैत्रिणीकडे. त्यांनी तांबडा-पांढरा केला होता. तांबडा रस्सा पुण्याच्या माणसानं पहिल्या वाटीत संपवू नये. मी सौजन्य म्हणून संपवला आणि सौजन्य म्हणून दुसरी वाटी आली. नाक पुसत होते तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, रडतीस का? घरची आठवण आली व्हय?"

दुसऱ्या दिवशी वारणानगर. हायवेनं वाठारपर्यंत, मग आत वळायचं. साखर कारखान्याचा हंगाम जोरात, वाटेत उसाच्या गाड्या, हवेत उकळत्या रसाचा गोड वास. पहिल्या दहा मिनिटांत भूक लागते आणि त्यापुढे अर्धा तास जरा मळमळतं. तिथल्या दुधाचं श्रीखंड नक्की खा. कामगारांच्या वसाहतीतलं आमचं केंद्र टापटीप होतं. पताका, तक्ते, हार. सगळं पुस्तकाबरहुकूम. तेवीस 'हो'. मी फार खूश झाले. एकाच गोष्टीनं टोचलं: बाहेर पडताना मागच्या रांगेतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "झालं का? चल, आता बोलू." मी ऐकलं नाही असं दाखवलं. तक्त्यात तो रकाना नव्हता.

तिसरा दिवस कुरुंदवाड. कोल्हापूरहून एसटीनं दीड-दोन तास, इचलकरंजीवरून. पण हंगामात उसाचे ट्रॅक्टर पुढे लागतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्यानं गाणी की मागच्या एसटीलाही ऐकू यावीत. तेव्हा अडीच तास धरा. गावात उतरलं की पंचगंगा कृष्णेला मिळते तिकडून गार वारा येतो आणि समोर पेवंदी, म्हणजे कलमी, पेरूची हातगाडी दिसते. मी पेरू घेतला नाही, कारण दात काळे झाले तर? पेरूनं दात काळे होत नाहीत हे मला नंतर आठवलं. ते जांभळानं होतात.

केंद्र समाजमंदिरात. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, कोपऱ्यात माठ, पुढे सारवलेलं अंगण. केंद्र चालवणारी सुजाताताई तिशीची. जूनमध्ये ती आमच्या पुण्याच्या शिबिराला आली होती, तेव्हा पाच दिवसांत पाच वाक्यं बोलली असेल. "जयभीम मॅडम, या," असं म्हणून तिनं मला थेट अंगणात नेलं. आणि मी जागच्या जागी थांबले.

अंगणात फक्कीनं, म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या भुकटीनं, एक गोल आखलेला होता. नुसता गोल नव्हे. त्यावर समान अंतरावर चौकटी, चौकटीत आकडे. एक ते अकरा. बाराव्या चौकटीत 'ताई' आणि तेराव्या चौकटीत, छान वळणदार अक्षरात, 'म्याडम'.

अकरा मुली ओळीनं आल्या आणि आपापल्या आकड्यावर बसल्या. मी माझ्या चौकटीत बसले. फक्की माझ्या पांढऱ्या सलवारला लागली, म्हणजे दिसत नव्हती, पण मला जाणवत होती.

सत्र सुरू झालं. ऊर्जा-खेळ झाला. मग लोकरीचा खेळ: गुंडा एकमेकींकडे फेकायचा, ज्याच्याकडे जाईल त्यानं आपल्याबद्दल काही सांगायचं, शेवटी मध्ये जाळं तयार होतं आणि आपण सगळे कसे जोडलेले आहोत हे आपोआप उमजतं. इथे जाळं दोन मिनिटांत तयार झालं, कारण लोकरीला आधीच गाठी मारून ठेवल्या होत्या. प्रत्येकीनं आपली गाठ धरली आणि ओढली. आपोआप उमजलं. मग मुलींनी स्वतःहून प्रश्न विचारले. एकीचा झाला की दुसरी. सुजाताताई एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हती, "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत होती, अगदी पुणेरी उच्चारात.

मध्येच खंड पडला. माझ्या शेजारी एक नंबरवर बसलेल्या मुलीनं, तिचं नाव राणी हे मला नंतर कळलं, समोरच्या मुलीला हाक मारली, "ए सात नंबर! तुझा प्रश्न हाय की गं, झोपलीस व्हय?"

सात नंबर दचकली आणि एका दमात म्हणाली, "ताई मला स्वतःहून असं विचारावंसं वाटतं की."

पुढचं ती विसरली होती. राणीनं माझ्याकडे वळून समजुतीनं सांगितलं, "ती काल नव्हती ना मॅडम, रोप लावाय गेलती. मी तर माझा पाठ करून बसलोय." कोल्हापूरकडच्या मुली स्वतःला 'मी आलो, मी बसलो' म्हणतात, ते ऐकायला मला फार आवडतं. त्या क्षणी मात्र कुठेच काही आवडलं नाही.

सत्र संपलं. मी तक्ता भरला. गोलात बसले का? हो. सगळ्यांना संधी मिळाली का? हो. मुलांनी स्वतःहून प्रश्न विचारले का? इथे पेन्सिल थांबली. प्रश्न विचारले होते. स्वतःहून हा शब्दही उच्चारला होता. पंचवीसपैकी पंचवीस. असा तक्ता आमच्या संस्थेत आजवर कुणी पाहिलेला नाही.

चहा आला. मला वाटलं संपलं. पण मुली उठून गेल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, आत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. कुणी पाय पसरले. सुजाताताईनं पदर खोचला, खुर्ची ओढली, खुर्चीवर बसली, परत उठली, आणि फळ्यावर खडूनं एवढं मोठं समीकरण लिहिलं.

"काल कुठवर आलतो?"

"आलतो कुठं, अडकलतो," राणी म्हणाली.

"तू अडकलतीस. बाकीच्या पुढं गेल्या. वही दाव. ही वही हाय का पंचांग?"

पुढचा तासभर मी जे पाहिलं त्याला आमच्या पुस्तकात काय म्हणतात हे लिहायलाही संकोच वाटतो. ती ओरडत होती. ती उत्तरं सांगत होती, दोन-दोनदा. गाळलेली पायरी दिसली की "ही पायरी कुठं गेली, नदीला?" असं विचारत होती. मुलीही ओरडत होत्या. दोन मुली एका उदाहरणावरून इतक्या भांडल्या की शेवटी दोघींना फळ्यापाशी बोलावून एकेक बाजू सोडवायला लावली, आणि एकीचं बरोबर आल्यावर दुसरीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. या सगळ्या मुली मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसणार आहेत. सतरा नंबरचे फॉर्म सुजाताताईनं स्वतः फिरून भरून घेतले होते. हे आमच्या पुण्याच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

मी सवयीनं दुसरा तक्ता काढला. बारा होतेच. गोलात बसले का? नाही. थेट उत्तर टाळलं का? नाही. ताई मुलांच्या पातळीवर बसल्या का? नाही. ऊर्जा-खेळ? धपाटा मोजला तर हो. एकूण नऊ. नऊ म्हणजे फेब्रुवारीपासून बंद, म्हणजे परीक्षेच्या आधी महिनाभर खोलीत दिवा नाही, खडू नाही, ताई नाही.

मुली पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी सुजाताताईला बाजूला घेतलं.

"तुम्ही तो गोल का आखला? आकडे का टाकले?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. "आवं, तुमीच तर शिकवलंसा."

"मी?"

"जूनला. पुण्याला. आमी हॉलात आलो तर तुमी गुडघ्यावर बसून खडूनं गोल काढत हुतासा. दोरी धरून. आनि आकडं. 'आपापल्या आकड्यावर बसा, गोल मोडू नका' म्हणालासा. मी वहीत लिवलंय." तिनं वही आणली. लिहिलं होतं. खाली रेघ मारलेली.

आठवलं. मला गोल वाकडा होण्याची भीती वाटत होती. पंचवीस लोक येणार, गोलाऐवजी बटाटा झाला तर? म्हणून मी दोरी घेऊन खडूनं आखला, आणि कुणाची गर्दी होऊ नये म्हणून आकडे टाकले. त्या दिवशी लोकर नीट जावी म्हणून कुणी कुणाकडे फेकायची हेही मीच आधी सांगून ठेवलं होतं. पहिला प्रश्न कुणी विचारायचा हेही. शांतता पडू नये म्हणून. सुजाताताईनं काहीही बिघडवलं नव्हतं. तिनं माझी घबराट जशीच्या तशी, खडूची फक्की करून, कुरुंदवाडला आणली होती.

"मग रोज असं का करत नाही?" मी विचारलं.

"रोज केलं तर गणित कधी करायचं?" ती म्हणाली. मग माठाकडे बोट दाखवलं. तिथे मुली एकाच फुलपात्रानं पाणी पीत होत्या आणि उरलेलं एकमेकींवर उडवत होत्या. "ह्यातल्या पाच जणी वरल्या आळीच्या. पयल्या म्हयन्यात घरनं बाटली आणायच्या. इथलं पाणी चालत न्हवतं. मी काय बोललो न्हाय. गणितच शिकवत बसलो. आता माठ रोज कोण भरायचं ह्यावरनं भांडतात. ह्याला तुमच्या कागदात कुठं जागा हाय का, बघा जरा."

मी खरंच तक्ता उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

मी तिला सगळं सांगितलं. अठराचं, फेब्रुवारीचं. पंचवीसचा तक्ता पाठवला तर केंद्र राहील हेही.

"मग पाठवा की," ती म्हणाली. "खोटं कुठं हाय त्यात? समदं झालंय तुमच्यापुढं."

"झालंय. पण खरं नाही."

"मग नऊचं पाठवा, आनि हितल्या पोरींस्नी तुमीच सांगून जावा." एवढं बोलून ती आत गेली. रागावली नव्हती, तासाची वेळ झाली होती, एवढंच.

मी अंगणात फक्कीच्या गोलाच्या मध्यभागी उभी राहिले, दोन्ही हातांत एकेक तक्ता. आतून राणी बाहेर आली, माझ्याकडे आणि कागदांकडे बघितलं. "मॅडम, रिकाम्या हाईसा तर एक गणित सांगा की. ताईंचा घसा बसलाय."

मी आत गेले. उदाहरण असं: दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज नऊ. अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या आधीपेक्षा सत्तावीसनं मोठी. संख्या कोणती? मी मुलींकडे तोंड केलं, हात मागे बांधले, आणि जन्मजात असल्यासारखं तोंडातून आलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"आमाला म्हाईत असतं तर तुमाला इचारलं असतं व्हय?" राणी म्हणाली. "तुमाला येतंय का न्हाय ते सांगा. येत नसलं तर तसं सांगा, आमी ताईंस्नी उठवतो."

मी खडू घेतला. आईच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यानंतर पहिल्यांदाच मी कुणापुढे फळ्यावर खरं काही सोडवत होते. मांडलं, सोडवलं, वजाबाकी केली, खाली दोन रेघा मारल्या: त्रेसष्ट.

सात नंबर, तीच, प्रश्न विसरलेली, म्हणाली, "मॅडम, त्रेसष्ट उलटं केलं की छत्तीस. ते मोठं झालं का बारकं?"

मी चिन्ह चुकवलं होतं. अकरा मुली हसल्या. हसू आवरेना तशा एकमेकींच्या अंगावर पडल्या. सात नंबर उठली, माझ्या हातातून खडू घेतला, चिन्ह पुसून नीट केलं, छत्तीस काढलं, आणि मला पायरीपायरीनं समजावलं. सावकाश. मी नवीन आहे हे लक्षात घेऊन.

मी वळले तर सुजाताताई खुर्चीवर बसून माझ्या बॅगेतला तिसरा तक्ता भरत होती. "तुमचं बी बघायला पायजे की," ती म्हणाली. प्रत्येक प्रश्न ती मोठ्यानं वाचत होती आणि मुली कोरसमध्ये हो-न्हाय सांगत होत्या. 'मुलांच्या पातळीवर बसल्या का?' न्हाय. 'ऊर्जा-खेळ?' राणी म्हणाली, "आमी हासलो ते धरा." धरलं. पंचवीसपैकी सात. शेवटी अभिप्रायाच्या ओळीवर तिनं लिहिलं: 'उभे राहून शिकवले. चुकले. चूक मान्य केली. परत यावे.'

निघताना त्यांनी मला नृसिंहवाडीच्या पुलापर्यंत सोडलं. पलीकडे वाडीत बासुंदी मिळते, ती घ्या. कवठाची बर्फीही. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी काही तरी विचार न करता खाल्लं. परतीची एसटी सांगलीवरून पकडली. सगळा रस्ता तिन्ही तक्ते मांडीवर. साताऱ्याला तो टाळायला सांगितलेला वडा मी खाल्ला. तो वाईटच आहे.

सोमवारी वसुधाताईंच्या टेबलावर मी शिरोलीचा एक, वारणेचा एक आणि कुरुंदवाडचे तीन कागद ठेवले. सोबत जूनच्या खडूच्या गोलाची कबुली, माठाची हकीकत आणि चुकलेलं चिन्ह, दीड पान.

"एका केंद्राचे तीन तक्ते?" त्यांनी चष्मा वर केला. "पंचवीस, नऊ आणि… हा सातचा कोणाचा?"

"माझा."

"यातला खरा कोणता?"

"तिन्ही."

त्यांनी सगळं वाचलं. माठापाशी थांबल्या, तेवढं परत वाचलं. मी माझ्या पुढच्या नोकरीचे अर्ज मनात लिहायला घेतले.

"केंद्र परीक्षा होईपर्यंत चालू राहील," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढे. तक्ता नव्यानं करावा लागेल, तो तू नाही करायचा, सुजाताला बोलावू. आणि तुझं कायम व्हायचं आत्ता नको. तू कायम झालीस तर मला दर महिन्याला असलं काही तरी वाचावं लागेल. सहा महिने मला विचार करू दे." दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "चिन्ह कुठे चुकवलंस?"

म्हणजे हिशेब असा, की मी गेले तात्पुरती आणि आले तात्पुरती, पण अकरा जणींचा मार्च वाचला. मार्चपर्यंत दर शनिवारी मी कुरुंदवाडला जायचं ठरलंय, कुणी पाठवलंय म्हणून नव्हे. कागदावर 'परत यावे' असं लिहिलंय, आणि कागदावर लिहिलेलं मला मोडता येत नाही. शनिवारआधी आठवडाभर मात्र रोज घरी बीजगणित करते. कुणाला यायचं असेल तर सहाची एसटी, उजवी खिडकी. येताना खडू आणा. बसायची जागा भिंतीला टेकून, आकडा नाही.

त्या सोमवारी घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाआधी मी आईला सगळं सांगितलं आणि वसुधाताईंनी परत दिलेला तो सातचा तक्ता दाखवला. तिनं चष्मा लावून पंचवीसच्या पंचवीस ओळी वाचल्या. मला वाटलं आता गैरहजेरी मांडेल. अभिप्राय तिनं दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाईचं अक्षर चांगलं आहे." माझ्या खिशातलं पेन तिनं ओढून घेतलं, तक्त्याच्या तळाशी एक रेघ मारली, त्या रेघेखाली 'पालक' असं लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या जागी स्वतः सही केली.